क्लबच्या तळ्यावर कार्पसाठी
आज मासेमारी क्लबच्या तळ्यावर दिवसभर गळाच्या दोरीला फ्लोट (मासा आमिषाला लागल्याची खूण देणारा तरंगता तुकडा) लावून कार्प माशासाठी बसलो होतो. लव्हाळ्याच्या कडेला बारीक बुडबुडे उठू लागले, तेव्हा मासा तळातला चिखल उकरत खातो आहे हे ओळखून मी शिशाचा शेवटचा मणी गळाजवळ सरकवला, कारण कार्पने आमिष उचलले की त्या मण्याचा भार सुटतो आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर उठून आडवा पडतो. ही खूण मला सर्वांत प्रिय आहे. अगदी तसेच घडले आणि मासा थेट लव्हाळ्याकडे धावला. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, जो रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो, टिकावा म्हणून मासा ठेवायच्या ओल्या गादीवरच गळ काढून त्याला लगेच पाण्यात सोडले. मासा कोरड्या हातांनी धरलेला मला मुळीच सहन होत नाही.