सात चॅनेलचा पॉवर अॅम्प घ्यायच्या आधी जरा हिशोब

आमच्या नाशिकच्या होम थिएटरवाल्या मंडळींना सध्या एकच खूळ लागलंय, एव्हीआरला (सगळे स्पीकर चालवणारा होम थिएटरचा मुख्य डबा) बाहेरून पॉवर अॅम्प (स्पीकरला ताकद देणारा वेगळा अॅम्प्लिफायर) जोडायचा आणि जोडायचा तर सात चॅनेलचाच, म्हणजे सात स्पीकर चालवणारा. परवा एका मित्राने सरळ विचारलं, "भो, २०० वॅटचा सात चॅनेल कोणता घेऊ तेवढं सांग फक्त." म्हटलं आधी एव्हीआर फिरव आणि मागे प्री-आउट (बाहेरच्या अॅम्पला सिग्नल द्यायची सॉकेटं) आहेत का बघ. स्वस्तातल्या बऱ्याच एव्हीआरला फक्त सबवूफरचा (खोल बेसच्या स्पीकरचा, म्हणजे सबचा) प्री-आउट असतो, बाकीचे चॅनेल बाहेर काढायची सोयच नसते, मग अॅम्प आणून काय शोकेसमध्ये ठेवणार का. त्याच्याकडे डेनॉनचा नऊ चॅनेलचा एक्स ३८०० एच आहे, त्याला सगळे प्री-आउट आहेत, म्हणून गाडी पुढे गेली.

आता वॅटचं काय असतं बघा. वॅट डबल केले की आवाज फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतो. म्हणजे १०० चे २०० वॅट केले, खिसा रिकामा केला, आणि कानाला फरक कळला तर कळला. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात म्हणजे वॅट दहापट. त्यामुळे ११० वॅट घेऊ की १४० यावर लोक रात्र रात्र भांडतात तो निव्वळ टाइमपास.

खरा हिशोब स्पीकरपासून चालू होतो. मित्राचे स्पीकर ८ ओहमचे (ओहम जितके कमी तितका अॅम्पवर भार जास्त), सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६. सोफा ३ मीटरवर, तिथे पोचेपर्यंत साडेनऊ डीबी जातात, खोलीच्या भिंती थोडे परत देतात, धरून चला ८० च्या आसपास. सिनेमाच्या रेफरन्स लेव्हलला (थिएटरसाठी ठरलेली आवाजाची पातळी) एका चॅनेलचा पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, असतो १०५ डीबी, त्यासाठी ३०० च्या वर वॅट लागतील. ऐकून घाबरू नका कारण फ्लॅटमध्ये रेफरन्सला पिक्चर बघतो कोण, वरचे काका दहा मिनिटांत बेल वाजवतील. रेफरन्सच्या १० डीबी खाली आलात की तेच काम तीसपस्तीस वॅटमध्ये होतं आणि १५ खाली आलात की दहाबारा वॅटमध्ये!! शिवाय ८० हर्ट्झच्या खालचा बेस सबकडे पाठवला की अॅम्पवरचं मोठं ओझं तसंही उतरतं.

मग बाहेरचा अॅम्प लागतो तरी कोणाला. ज्यांचे स्पीकर ४ ओहमचे आहेत त्यांना, ज्यांचा हॉल मोठा आणि बसायची जागा लांब आहे त्यांना, आणि ज्यांना खरंच मोठ्याने बघायचंय आणि तशी वेगळी खोली आहे त्यांना. ४ ओहमवाल्यांनी अजून एक बघा, सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला दिलेली असते, ८ ओहमला तो १ वॅट होतो पण ४ ओहमला २ वॅट, त्यामुळे कागदावरचे ८७ हे खरं तर वॅटमागे ८४ च. आणि एव्हीआरच्या मेनूत ४ ओहमचं सेटिंग असतं ते बहुतेक वेळा आतली पॉवरच कमी करतं, सेट गरम होऊ नये म्हणून. त्याने स्पीकरचं काही भलं होत नाही.

एव्हीआरच्या आकड्यांबद्दलही बोलून टाकतो. एक्स ३८०० एच चे १०५ वॅट हे दोन चॅनेल चालू असताना मोजलेले, नऊच्या नऊ नाही. हे वाचून लोक "फसवणूक" म्हणून ओरडतात, पण पिक्चरमध्ये नऊ चॅनेल एकाच वेळी फुल कधी वाजतात हो? मागचे आणि छताचे स्पीकर बराच वेळ नुसती हवा टाकत असतात. सगळा मार लेफ्ट, सेंटर, राइट या तिघांवर, त्यातही डायलॉग म्हणजे सेंटरच.

म्हणून माझं मत असं की घ्यायचाच तर तीन चॅनेलचा घ्या. पुढचे तीन बाहेरच्या अॅम्पवर, बाकी सगळे एव्हीआरच्या आतल्या अॅम्पवर, त्याचा पॉवर सप्लायही मग मोकळा श्वास घेतो. सातचा घेतलात तर त्यातले चार चॅनेल तुम्ही सराउंडच्या पावसाच्या आवाजासाठी घेताय.

गेन (अॅम्प सिग्नल किती वाढवतो तो आकडा) मात्र बघून घ्या, वॅटपेक्षा तो जास्त त्रास देतो. साधारण २९ डीबी गेन ठीक. त्याहून बराच जास्त असेल आणि स्पीकर ९५ डीबीच्या वर सेन्सिटिव्हिटीचे हॉर्नवाले असतील तर रात्री शांततेत स्स्स्स ऐकू येतं. फार कमी असेल तर एव्हीआरला प्री-आउटमधून जास्त व्होल्ट द्यावे लागतात आणि तिथेच आवाज फाटायला लागतो. पुढच्या आणि मागच्या चॅनेलच्या गेनमध्ये तीनचार डीबीचा फरक असला तर चालतं, ऑडिसी (एव्हीआरमधलं माइक लावून स्पीकर जुळवणारं सॉफ्टवेअर) लेव्हल जुळवून घेतं, त्याला वरखाली १२ डीबीची मुभा आहे. पण अॅम्प लावल्यावर कॅलिब्रेशन परत करायचं, जुनंच ठेवून चालत नाही.

क्लास एबी की क्लास डी (अॅम्पच्या आतल्या रचनेचे दोन प्रकार, एबी जास्त तापतो, डी कमी), यात मी सरळ डी वाला. हायपेक्स, प्युरीफाय, आइसपॉवर या कंपन्यांची तयार अॅम्प मोड्यूल आता इतकी स्वच्छ आहेत की "डिजिटल आवाज" वगैरे ऐकून हसू येतं (आणि डी म्हणजे डिजिटल नव्हेच). खरं कारण उन्हाळा. नाशिक थंड म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये येऊन दाखवावं, पारा चाळिशी गाठतो, आणि आपल्याकडे सुताराने केलेल्या बंद टीव्ही युनिटमध्ये सगळं कोंबलेलं असतं. त्यात एबी अॅम्प म्हणजे हीटरच.

अमेरिकेतून भाच्याला आणायला सांगणार असाल तर दोन गोष्टी. मागे ११५/२३० चा स्विच आहे का किंवा तो स्वतः व्होल्टेज ओळखतो का ते विचारा, आणि वजन बघा, जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला मल्टीचॅनेल एबी अॅम्प २३ किलोच्या बॅगेत बसेलच असं नाही. सर्व्हिसिंग कोण करणार तेही आधीच विचारून ठेवा. डीजेवाले वापरतात ते प्रो अॅम्प स्वस्त पडतात, पण पंख्याचा आवाज शांत सीनमध्ये डोक्यात जातो. सबसाठी घ्या हवं तर.

वायरिंगला इलेक्ट्रिशियन बोलवाल तेव्हा १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, ६ च्या सॉकेटवर २३० व्होल्टला १३८० वॅटच मिळतात. मोठ्या टोरॉइडवाला (गोल ट्रान्सफॉर्मरवाला) अॅम्प ऑन करताना एमसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनलाच सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका सहन करणारा) टाकायला सांगा. हम (स्पीकरमधून सतत येणारी घुरघुर) आली तर पहिले सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा तीच निघते. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मित्राला शेवटी हेच सांगितलं, तीन चॅनेलचा क्लास डी घे आणि सातमधले वाचलेले पैसे दुसऱ्या सबमध्ये घाल. एका सबने सोफ्याच्या एका टोकाला बेस धडाम आणि दुसऱ्या टोकाला गायब असं होतं, दोन नीट जागी ठेवले की बऱ्यापैकी सारखं होतं. तो अजूनही सातवरच अडलाय, म्हणतो पुढे कधीतरी लागतील. घे बाबा.