पणजीच्या शोधात पणजीला

आजोबांची जन्मनोंद शोधता शोधता मागच्या नोंदीत मी जवळजवळ हात टेकले होते. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या घाटाकडं तोंड करून बसलेलं. तिथल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांत आजोबांच्या तिन्ही धाकट्या भावंडांचे जन्म सापडले होते: १९२७, १९३० आणि १९३३. सगळ्यांत थोरले आजोबा तेवढे गायब. १९१८ ते १९२६ ही नऊ वर्षं मी पानन् पान उलटली, दोन हिवाळे त्यात गेले, आणि हाती काय, तर मोडी बऱ्यापैकी वाचता येऊ लागली एवढंच.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट परत सांगतो, कारण मी स्वतः पहिले सहा महिने हीच चूक करत होतो. त्या वह्यांत बाळाचं नाव शोधू नका. नोंद बहुतेक वेळा बारशाच्या आधीच व्हायची, त्यामुळं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं आणि पुढं बापाचं नाव. शोधायचं ते बापाला. आणि मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगत जायची पद्धत, शब्द कुठं संपला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आमचे पणजोबा मष्णू. ‘मष्णू’ला मी कितीदा तरी ‘विष्णू’ म्हणून सोडून दिलं असेल.

शाळेच्या दाखल्यावर आजोबांची जन्मतारीख १ जून १९२३. १ जून म्हटल्यावर तुम्ही हसला असाल. आमच्या घरात १ जूनला जन्मलेली पाच माणसं आहेत. मास्तरांनी वय अदमासानं मोजलं, शाळा सुरू व्हायची तारीख टाकली, विषय संपला. पण मास्तरांनी आणखी एक उद्योग करून ठेवला होता, तो मला फार उशिरा कळला. त्याबद्दल पुढं.

फेब्रुवारी

भाताची कामं आटपल्यावर हेळवी आला. बेळगाव भागातल्या मंडळींना हेळवी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही माणसं. पूर्वी बैलावर बसून यायची, आता आमच्याकडं येणारा मोटारसायकलवर येतो आणि पिशवीतून वही काढतो. अर्धं कानडी, अर्धं मराठी, एका लयीत म्हणत जातो. त्यानं आमची आठ पिढ्यांची नावं सांगितली: मष्णूचा बाप धोंडिबा, धोंडिबाचा बाप रवळू, अशी वर वर. मी सगळं लिहून घेतलं. मधेच विचारलं, “मामा, धोंडिबाची बायको कोण?” तो थांबला आणि माझ्याकडं असा बघितला, जसं मी बैलाच्या आजीचं नाव विचारलंय. वहीत बायका नाहीत. आठ पिढ्या, सव्वीस पुरुष, एकही बाई नाही. भात घेऊन तो पुढच्या घरी गेला.

मार्च

आत्याकडं गेलो होतो, खानापुरात. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. मी आपला वह्यांचं रडगाणं सांगत होतो, ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

“आमची आज्जी घाटाखालची न्हवं? पहिलं बाळंतपण कुणाचं सासरी होतंय व्हय रे?”

मी तिथंच डोक्याला हात लावला. दोन वर्षं मी बापाच्या गावात शोधत होतो, आणि थोरलं लेकरू आईच्या गावात जन्मतं हे शेंबड्या पोरालाही माहीत. पणजीचं माहेर सत्तरीतलं. सत्तरी म्हणजे आज गाडीनं चोर्ला उतरलं की गोवा. पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ते पोर्तुगिजांचं राज्य. म्हणजे आजोबांचा जन्म परमुलखातला, आणि कडेवरचं तान्हं बाळ होऊन त्यांनी घाट चढून इंग्रजी हद्दीत प्रवेश केला! ‘घरात कुणी परदेशी गेलेलं नाही’ असं आम्ही ऐटीत सांगत होतो.

शेंगांचं टरफल सुपात टाकत आत्यानं आणखी एक सांगितलं. आजोबा हरतालिकेचे. पणजी म्हणायची, “ह्यानं माझा उपास मोडला.”

हे एक वाक्य दोन हिवाळ्यांपेक्षा जास्त कामाला आलं. दुसरं भावंड १९२७ चं, शाळेत १९२३ लिहिलेलं, म्हणजे १९२२ ते १९२५ ही चार वर्षं धरायची. जुनी पंचांगं काढून चारही भाद्रपद शुद्ध तृतीया मांडल्या. १९२३ साली अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळं त्या वर्षीची हरतालिका सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते, बाकीच्या आधी येतात. ऑगस्टचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य, एवढाच पट्टा उरला. तिथी माहीत असेल तर अधिक महिना विसरू नका. मी आधी विसरलो होतो आणि महिनाभर चुकीच्या जागी बघितलं असतं.

जुलै

पोर्तुगालात १९१० साली राजा गेला आणि गणराज्य आलं. त्यानंतर नागरी नोंदणीचा कायदा झाला, तो पुढं गोव्यातही लागू झाला, आणि चर्चबाहेरच्या लोकांचेही जन्म सरकारी वहीत येऊ लागले. (तुमचं घराणं ख्रिश्चन असेल तर बाप्तिस्म्याच्या वह्या आधी बघा, त्या कितीतरी मागं जातात. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली गोव्यापासून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे धागे गोव्याकडं वळतात.) जुन्या वह्यांसाठी पणजीचं पुराभिलेख खातं. ते १५९५ सालचं, दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला दप्तरदार. पणजीसाठी पणजीला चाललो, हा विनोद मी घरात इतक्या वेळा केला की बायकोनं शेवटी डबा न देताच वाटेला लावलं.

चोर्ल्यात धुकं, रस्ता दिसेना. कणकुंबीला चहा प्यायलो. देगावच्या बाजूला उगवणारी म्हादई ह्याच घाटाखालून जाऊन पणजीला मांडवी होते, तिलाही नाव बदलूनच पुढं जावं लागतं.

वही पुढ्यात आली तेव्हा पहिली अडचण अक्षराची नव्हती, स्पेलिंगची होती. पोर्तुगीज कारकुनांनी आपली नावं त्यांच्या कानानं लिहिली. ‘श’ला एक्स. ‘क’ला कधी सी, कधी क्यू. शेणव्याचा ‘सिनाय’, प्रभूचा ‘पोरोब’, पांडुरंगाचा ‘पांडुरोंगा’, आणि विष्णूच्या शेपटीला उगाच एक एम. मी घरून तक्ता करून नेला होता: आपल्या नावाची पाच-सहा रूपं, प्रत्येक रोमन अक्षरांत. त्याशिवाय जाऊ नका. दुसरं म्हणजे ह्या वहीची सूची आडनावानं नव्हती, पहिल्या नावानं होती. आजोबांचं नाव रामचंद्र. चारही वर्षांत रामचंद्र होते, पण बाप मष्णू असलेला एकही नाही.

दुपारी तीन वाजेपर्यंत मी रामचंद्रांच्या मागं होतो. मग सूची बाजूला ठेवली आणि पट्ट्यातली पानं सरळ वाचायला घेतली. वही नोंदवलेल्या तारखेनं पुढं सरकते, जन्माच्या नव्हे, म्हणून प्रत्येक वर्षी महिनाभर पुढंही बघायचं. १९२४, सप्टेंबरची १८ तारीख. बापाच्या जागी एम-ए-एस-एन-यू-एम. मास्नुम. पुढं त्याचा राहण्याचा मुलूख: ‘इंडिया इंग्लेझा’. इंग्रजांचा हिंदुस्थान.

मुलाचं नाव आर-ओ-यू-एल-यू. रवळू.

रवळनाथाच्या नावाचा, पणजोबांच्या आजोबांचं नाव घेतलेला रवळू. आमच्या भागात आजही घरटी एक रवळू असतो. शाळेत घालताना मास्तरांनी रवळूचं रामचंद्र करून टाकलं, नाव जरा नीटनेटकं व्हावं म्हणून असेल. मास्तरांचा तो दुसरा उद्योग हा.

जन्म २ सप्टेंबर १९२४, मंगळवार, पहाटे. पंचांग परत उघडलं: शके १८४६, त्या दिवशी सूर्योदयाला भाद्रपद शुद्ध तृतीया. पणजीचा उपास खरंच मोडला होता.

पोर्तुगीज जन्मनोंदीची एक मोठी गंमत म्हणजे ती आईबापावर थांबत नाही. ‘नेतु’ म्हणजे नातू. बापाकडून कुणाचा, आईकडून कुणाचा, चारही आजी-आजोबा लिहिलेले. आई लिहिताना कारकून ‘मांय’ लिहितो, ते वाचताना क्षणभर तो आपल्याच गावचा वाटतो. बापाकडचा आजा धोंडिबा. हेळव्याच्या वहीतला धोंडिबा! इथं मला खात्री पटली. नुसता मष्णू जुळला असता तर मी मानलं नसतं. मष्णू खानापूर तालुक्यात पायलीला पन्नास. पण बाप, बापाचा बाप, इंग्रजी मुलूख आणि हरतालिका, हे चारही एका पानावर योगायोगानं येत नाहीत. एक वही बैलाच्या पाठीवरून आलेली, दुसरी लिस्बनच्या कायद्यातून, आणि दोघींची भेट धोंडिबापाशी.

धोंडिबाच्या शेजारी त्याची बायको: भागीरथी. हेळव्यानं न सांगितलेलं नाव.

न जुळणारी गोष्टही सांगायला हवी. आमच्या घरात पणजीचं नाव रुक्मिणी. नोंदीत आई सुंदरी आहे. लग्नात नाव बदललं असणार, तसा रिवाजच होता, आणि कारकुनानं माहेरचं नाव घेतलं. जन्म सांगायला आलेला माणूस सुंदरीचा बाप होता, तो लेकीला लेकीच्याच नावानं ओळखणार. तरी ही जोडणी मी माझ्या तक्त्यात पेन्सिलनं ठेवली आहे, शाईनं नाही. पानाच्या तळाशी लिहिलंय की त्याला लिहिता येत नसल्यानं त्यानं सही केली नाही.

नकलेचा अर्ज भरताना शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, “लिस्बनचं करताय?” १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी आहे, आणि त्या खोलीतले निम्मे लोक त्याच कामाला आलेले असतात. मी म्हटलं, नाही, छंद आहे. त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती हेळव्याच्या नजरेची सख्खी बहीण.

ऑगस्ट

नक्कल आली. आत्याला वाचून दाखवली. भागीरथी ऐकल्यावर म्हणाली, “असंल.” सुंदरी ऐकल्यावर मात्र शेंगा बाजूला ठेवल्या. १९५५ साली सरहद्द बंद झाली त्यानंतर पणजीला माहेरी जाता आलं नाही. खालून कुणी चोरवाटेनं घाट चढून आलं की निरोप यायचा, आणि निरोप आणणारा अंगणातून तिला ‘सुंदरे’ अशी हाक मारायचा. आत्याला वाटायचं ते लाडाचं नाव.

पेन्सिलवर शाई फिरवली.

उरलेलं: पणजीचा स्वतःचा जन्म १९०५ च्या आसपासचा, तेव्हा ही वही नव्हती. त्यामुळं आता सत्तरीत तिच्या भावाचं घर शोधायचं. नोंदीतलं वाड्याचं नाव दोन तऱ्हेनं वाचता येतं, मधलं अक्षर शाईत बुडालंय. दोन्ही वाडे घाटाच्या पायथ्याला, एकमेकांपासून तासाभराच्या चालीवर. पावसात तिकडं जळवा फार. दसऱ्यानंतर जाईन, आणि ह्या खेपेला आत्याला गाडीत पुढं बसवून नेईन.