बहिणीसाठी विचारतेय

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप नाहीच, म्हणून वही काढली.

दुपारी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. सतरा मिनिटं तीच ती सनई. मग एक पोरगी आली. "पेशंट कोण आहे मॅडम?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण."

का पण? पित्ताशयाचे खडे निघाले तेव्हा डबीत घालून अख्ख्या गल्लीला दाखवले होते मी. तेव्हा नाही सांगितलं बहिणीचे म्हणून.

तिने पॉलिसी उघडली. "मॅडम, बहिणीचं नाव नाहीये यात. तुम्ही आणि सर, दोघंच आहात."

"बरं, मग मला झालंय असं धरून सांगा."

जराशी थांबली ती. तेवढ्यात तिला कळलं. तेच टोचतंय अजून. खोटं बोलले त्यापेक्षा ते इतक्या लगेच उघडं पडलं, ते.

मानसिक आजार कव्हर आहे म्हणाली, 2017 च्या कायद्याने द्यावंच लागतं. पण निदान चोवीस तास ॲडमिट व्हायला हवं. नुसती तपासणी, गोळ्या, समुपदेशन ही ओपीडी, ती आमच्या पॉलिसीत नाही. म्हणजे रोज थोडं थोडं खचायचं तर आपल्या खर्चाने; एकदम कोसळलात की कंपनी आहेच पाठीशी. यांना सांगितलं असतं तर हसले असते. यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. असो.

खरं तर विम्याची गरजच नव्हती. परवा रात्री 14416 ला फोन केला होता, टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला. फुकट असतो, मराठीत बोलतात. त्या बाईंनीच सांगितलं, सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. ऑगस्ट 2023 पासून तिथे केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. मग सतरा मिनिटं सनई कशाला ऐकली? कारण सिव्हिलच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटणारच. देशपांड्यांची सून तर तिथेच एक्सरेला आहे.

नाना कुणाचंही डोकं फिरलं की म्हणायचे, "पाठवा येरवड्याला." घर हसायचं. सगळ्यात मोठ्याने मी.

शेवटी ती पोरगी म्हणाली, "काळजी घ्या मॅडम. बहिणीची पण."

बहिणीची पण! फोन ठेवल्यावर रडूच आलं, आणि नाक पुसता पुसता हसू. चांगली ठणठणीत सुमाताई, रोज सहा किलोमीटर चालते, तिला मी आजारी पाडलं. संध्याकाळी न राहवून तिलाच फोन केला. "तुझ्या नावावर एक आजार लावलाय गं."

सगळं ऐकून घेतलं तिने. नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता नानांचं काहीतरी काढणार.

"पॉलिसीत माझं नाव घालायचं होतंस की मग," म्हणाली. आणि लगेच, "केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते?"

आधार कार्ड पर्समध्ये टाकलंय. साडेसातला येते म्हणाली, म्हणजे सातलाच येणार.