तुम्ही विचारलंत म्हणून: तसाच फोटो मी काढला, तर तो माझा का?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो. "लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत नऊवारी नेसलेली बाई कळशी घेऊन पायऱ्या उतरतेय, असा एका ज्येष्ठ छायाचित्रकाराचा फोटो पाहिला. फार आवडला. मैत्रिणीला तशीच साडी नेसवली, तशीच कळशी दिली आणि माझ्या कॅमेऱ्याने तसाच फोटो काढला. आता तो माझ्या नावाने प्रदर्शनाला देऊ का?" विहिरीच्या जागी कधी मेणवलीचा घाट असतो, कधी कासचा तेरडा, कधी चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. मूळ प्रश्न तोच.

थेट उत्तर आधी देतो. सराव म्हणून काढलात हे चांगलंच केलंत. तुमचं स्वतःचं काम म्हणून प्रदर्शनाला मात्र देऊ नका. बटण तुम्ही दाबलंत, कॅमेरा तुमचा, फाइल तुमची, तरीही. का, ते कळायला तो फोटो सुटा करून पाहावा लागेल.

विहिरीपासून सुरू करू. साताऱ्याजवळ लिंब गावातली ही विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. आठकोनी, वर मोटांच्या जागा, मध्ये छोटा महाल, आणि दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. ती कोणा फोटोवाल्याची नाही. पायऱ्यांवरून दाराच्या कमानीतून आत पाहिलं की जी चौकट दिसते, तीही कोणाची नाही. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला बांधकामच त्या जागी उभं करतं. दोघांचे फोटो जागेमुळे सारखे आले तर त्याला चोरी म्हणणं अन्याय आहे. "माझा अँगल चोरला" अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कमान माझ्या आधी तीनशे वर्षं तिथे आहे.

पुढे येतो उजेड. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ऊन सरळ पाण्यावर पडतं आणि तिथून उसळून भिंतींना खालून उजळतं. डिसेंबरच्या शेवटी तोच दुपारचा सूर्य जेमतेम ४९ अंशांवर असतो. विहिरीचं तोंड साधारण ५० फूट आणि खोली ११० फूट धरली, तर मधल्या बांधकामाची आडकाठी सोडून ऊन उत्तरेकडच्या भिंतीवर ५५-६० फुटांपर्यंतच उतरतं, त्याखाली सगळं निळसर सावलीत. म्हणजे एकाच पायरीवरून मे आणि डिसेंबर हे दोन वेगळे फोटो आहेत. यातला कोणता घ्यायचा, हा छायाचित्रकाराचा पहिला निर्णय. तरी सूर्यही सगळ्यांचाच. एवढ्यावर कोणाचा हक्क बसत नाही.

आता बाई. साडीचा रंग भिंतीच्या काळ्या दगडावर उठून दिसेल असा निवडलेला. कळशी कमरेवर, डोक्यावर नाही. चेहरा वळवलेला. कितव्या पायरीवर थांबायचं, कोणता पाय पुढे, पदर कुठून घेतलेला, उन्हाची तिरीप कळशीच्या काठावर कशी यावी. यातलं काहीही विहिरीने दिलेलं नाही, सूर्याने दिलेलं नाही. हे सगळं त्या माणसाने मनात रचलं आणि मग तिथे उभं केलं. तुम्ही नेमकं तेवढंच उचललंत. जे फुकट होतं तेही घेतलंत आणि जे त्यांचं होतं तेही.

अमेरिकेतल्या एका न्यायालयाने फोटोतलं स्वतःचं काम ओळखायला तीन गोष्टी पाहिल्या होत्या: कसं दाखवलं, कधी टिपलं, आणि समोरचं दृश्य स्वतः रचलं का. मला ही विभागणी आपल्या छंदालाही फार कामाची वाटते. फोटो जितका रचलेला, तितकी त्याची नक्कल सोपी आणि तितकीच ती उघड. फोटो जितका क्षणावर अवलंबून, तितकी नक्कल अशक्य.

तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. तिथे गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा धरून धावत्या अश्वाचा फोटो पन्नास जण काढतात. शटर १/१००० सेकंदच उघडं ठेवलं तर टापांची माती हवेत थांबते. १/३० ला अश्वाबरोबर कॅमेरा फिरवला तर गर्दी रेघांत विरते आणि घोडा तेवढा ठाशीव राहतो. फिरवण्याचा वेग चुकला तर घोडाही विरतो. दहातले आठ फोटो वाया जातात, ते जाऊ द्यावेत. ही पद्धत कोणाकडूनही शिका, बिनधास्त वापरा. तो क्षण, ती उडी, मागच्या वारकऱ्याचा वर गेलेला हात पुन्हा येणार नाही, त्यामुळे फोटो आपोआप तुमचा होतो. पण एखाद्या माउलीला बाजूला घेऊन "परत एकदा तसेच हात जोडा" म्हटलंत, की तुम्ही क्षणातून रचनेत आलात. मग आधी कोणाची रचना डोक्यात होती हा प्रश्न लागू होतो.

तंत्र कोणाच्या मालकीचं नसतं, हे ठासून सांगायला हवं, कारण नवखे लोक उगाच घाबरतात. कासवर गवताच्या पात्यावरच्या थेंबात मागचं फूल उलटं दिसतं, तो फोटो घ्या. १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते ११, फूल थेंबाच्या मागे ५ ते ८ सेंटिमीटरवर. फोकस पात्याच्या कडेवर पडला तर आतलं फूल पुसट होतं, म्हणून फोकस थेंबातल्या प्रतिमेवर धरायचा. वारा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवायचं नाही. हे जगभर हजारोंनी केलंय, तुम्हीही करा. फक्त फूल तोडून थेंबामागे धरू नका. जिथे पातं आणि फूल निसर्गानेच एका रेषेत ठेवलंय ती जागा शोधायला अर्धा दिवस जातो. त्या शोधात फोटो तुमचा होतो, आणि पठारही वाचतं. कोणाच्या फोटोतली नेमकी जागा गाठायला वाटेबाहेर पाऊल टाकलं, की मागून येणारे त्याच पावलावर पाऊल टाकतात आणि दोन आठवड्यांत तिथे तेरड्याऐवजी चिखल असतो.

कायद्याचं थोडक्यात. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटोला कलात्मक दर्जा असो वा नसो, संरक्षण आहे, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते छायाचित्रकाराच्या हयातभर आणि पुढे ६० वर्षं टिकतं. १९७८ मध्ये एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पना आणि विषय यांवर हक्क नसतो, मांडणीवर असतो; आणि दोन्ही पाहणाऱ्याच्या मनात दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट ठसत असेल, तर उल्लंघन आहे. फोटोलाही हीच कसोटी लावून पाहा. दोन्ही फोटो तिसऱ्या माणसाला दाखवा, काही न सांगता. तो "एकाच ठिकाणचे आहेत" म्हणाला तर ठीक. "हा त्याच्यावरून काढलाय" म्हणाला तर थांबा.

२०१२ मध्ये इंग्लंडमध्ये यावर एक निकाल आला. कृष्णधवल लंडन, पांढरं आकाश, पुलावर एकटी लाल बस, असा एक फोटो होता. एका चहा कंपनीने वेगळेच फोटो जोडून तसंच चित्र बनवलं. मूळ फोटोचा तुकडाही त्यात नव्हता, तरी न्यायालयाने ते उल्लंघन ठरवलं. मूळ फोटो त्यांना माहीत होता, आणि मांडणी व रंगांचा तो खास विरोध दोन्ही उचलले होते, म्हणून. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही आणि त्यावर टीकाही झाली. पण "मी तर माझ्याच कॅमेऱ्याने काढला" हा बचाव किती तोकडा पडू शकतो ते त्यावरून दिसतं.

दुसऱ्याची फाइलच उचलणं यात तर चर्चेला जागाच नाही. क्रॉप केला, आरशासारखा उलटवला, कृष्णधवल केला, रंग चढवले, तरी फोटो त्याचाच. उलटवलेला फोटो ओळखूही येतो: पाटीवरची अक्षरं उलटी होतात, साडीचा पदर उजव्या खांद्यावर जातो. वॉटरमार्क किंवा फाइलमधलं नाव जाणूनबुजून पुसलं तर २०१२ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि "साभार" एवढंच लिहून नाव गाळणं, किंवा "सौजन्य: गूगल" लिहिणं हे श्रेय नव्हे. गूगलने तो फोटो काढलेला नाही. नाव सापडत नसेल तर फोटो वापरू नये, इतकं सोपं आहे.

प्रीसेटबद्दल, म्हणजे एका बटणात फोटोवर चढणाऱ्या तयार रंगछटेबद्दल विचारता, तर तो फोडणीच्या मसाल्यासारखा. विकत घेतलात, वापरा. रंगाची छटा म्हणजे फोटो नव्हे. ॲपमधलं तयार आकाश मात्र दुसऱ्याने काढलेलं असतं. तेच ढग एकाच आठवड्यात सज्जनगडावरही दिसतात आणि अजिंक्यताऱ्यावरही, आणि गडावर ऊन डावीकडून, ढगांवर उजवीकडून. बहुतेक निसर्ग-छायाचित्र स्पर्धांत हे चालत नाही. नियम वाचूनच पाठवा.

मग नक्कल करायचीच नाही का? करायची, मन लावून करायची. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी युरोपातल्या थोर चित्रांच्या नकला करवून आणून लावल्या आहेत. त्या नक्कल म्हणूनच ओळखल्या जातात आणि म्हणूनच त्यांच्यापुढे उभं राहून शिकता येतं. गाण्यात गुरूची तान गळ्यावर चढेपर्यंत घोकतात, तसंच हे.

आवडलेला फोटो घेऊन बसा आणि तो वाचा. मोकळ्या, सपाट माळावरच्या फोटोत क्षितिजाची रेष समोरच्या माणसाला जिथे कापते, तेवढ्या उंचीवर कॅमेरा होता. लांबचे डोंगर धरू नका, जमीन संपते ती रेष धरा. ती कमरेवर कापत असेल तर काढणारा गुडघ्यावर बसला होता. सावली वस्तूइतकीच लांब असेल तर सूर्य ४५ अंशांवर होता. जवळचं फूल अवाढव्य आणि मागची टेकडी चिमुकली दिसते ती कॅमेरा फुलाला भिडल्यामुळे. लेन्स फक्त किती भाग चौकटीत यावा ते ठरवते. ठोसेघरचं पाणी दुधासारखं सलग दिसतंय म्हणजे शटर पाव ते एक सेकंद उघडं होतं, थेंब सुटे दिसतायत म्हणजे १/५०० च्या आसपास. हे सगळं वहीत लिहा. एकदा तंतोतंत तसाच फोटो काढा. कुठे चुकतंय ते कळेल, आणि शिक्षण नेमकं तिथेच होतं.

त्यानंतर मूळ फोटो बंद करा. मोबाइलवर उघडा ठेवून त्याच जागी उभं राहणं ही सर्वांत मोठी चूक. डोळा समोरचं पाहतच नाही, जुळवत बसतो. पुन्हा त्या जागी जाल तेव्हा प्रत्येक निर्णयाला "का?" विचारा. इतकं खाली का? हीच वेळ का? माणूस का हवा? "त्यांच्या फोटोत तसं होतं" हे उत्तर एखाद-दोन ठिकाणी आलं तर तो प्रभाव, आणि प्रभावाची लाज वाटायचं कारण नाही. सगळीकडे तेच आलं तर फोटो अजून त्यांचाच आहे.

आपल्या बाजूचा पुरावाही जपून ठेवा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची मूळ फाइल, कधी पुसू नका, आणि निवडलेल्या फोटोच्या आधीचे-नंतरचे पाच-सात फोटोसुद्धा. फाइलमधली तारीख बदलता येते, पण बाई एकेक पायरी उतरत येतेय अशी अख्खी ओळ चोराकडे नसते. कॅमेऱ्याच्या मेनूत मालकाचं नाव भरायची सोय असते, ती भरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता तुमच्या त्या फोटोचं. त्या छायाचित्रकारांना तो पाठवा आणि सरळ लिहा: "तुमच्या फोटोवरून सराव म्हणून हा काढला, लावू का?" ते हो म्हणाले तर फोटोखाली तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव घाला आणि "यांच्या छायाचित्रावरून" असं लिहा. स्पर्धेला तरीही नको, तिथे स्वतःचं काम मागतात. नाही म्हणाले तर तो वहीत राहू द्या. मैत्रीण यायला तयार असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात साडेअकरालाच लिंबला पोचा, कळशी घरी ठेवा, आणि ऊन पाण्याला टेकेपर्यंत तिला विहिरीत मोकळी फिरू द्या.