मॅकार्थीला जरूर जा, पण कुठल्याही गाडीने नको

मॅकार्थी हे अलास्कातलं खाणकाळातलं छोटं गाव. तिथे जाण्यासाठी अँकरेजला गाडी भाड्याने घेताना काउंटरवर स्पष्ट विचारलं होतं, "मॅकार्थीला जाणार आहोत, चालेल ना?" "नो प्रॉब्लेम," म्हणाले. गाडी परत केली तेव्हा मात्र करारातलं कलम पुढे केलं, कच्च्या रस्त्याला विमा लागू नाही. टायर आणि काचेवरचा तडा, दोन्हीचे पैसे आमच्याकडून उकळले. चीड अजून गेलेली नाही. तोंडी होकाराला काडीची किंमत नसते. मॅकार्थी रोडचं नाव घालून परवानगी लेखी घ्या. खडीच्या रस्त्यासाठी गाड्या देणाऱ्या कंपन्या अँकरेजला आहेत, भाडं जास्त पडतं, ते द्या.

मॅकार्थी रोड म्हणजे चिटिना गाव ते केनिकॉट नदी, साधारण ६० मैल. सुरुवातीच्या थोड्या डांबरानंतर सगळी खडी, खड्डे आणि कंबर मोडणारे आडवे उंचवटे. मुळात हा रस्ता नाहीच, १९११ मध्ये पूर्ण झालेल्या कॉपर रिव्हर अँड नॉर्थवेस्टर्न रेल्वेचा भराव आहे. मॅकार्थीच्या पुढच्या केनेकॉट वस्तीतल्या खाणीतलं तांबं १९६ मैलांवरच्या कॉर्डोव्हा बंदरात नेण्यासाठी मॉर्गन आणि गुगेनहाइम या धनाढ्य घराण्यांच्या पैशातून ती बांधली गेली. १९३८ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही बंद पडल्या. पुढे रूळ काढले, वर खडी पसरली, पण रुळांचे खिळे जमिनीतच राहिले, आणि ते अजून वर येतात. आमच्या टायरमध्ये घुसलेला खिळा चौकोनी, करंगळीपेक्षा जाड आणि गंजून तांबडा झालेला होता. स्टेपनी पूर्ण आकाराची हवी, ती छोटी तात्पुरती देतात तिच्या भरवशावर निघू नका. जॅक चालतो की नाही ते निघण्याआधी बघा. बहुतेक रस्त्यात मोबाईलला रेंज नाही, पेट्रोल तर मॅकार्थीतही मिळत नाही.

कुस्कुलाना नदीवरचा पूल दरीपासून २३८ फूट उंच आहे आणि एकेरी. समोरून गाडी येत नाही ना, ते थांबून बघा आणि मगच चढा.

रस्ता नदीपाशी संपतो. पलीकडे पायी पुलावरून जायचं. हा पूल १९९७चा, त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यात बसून हाताने दोर ओढत नदी पार करायचे. नदीकाठच्या खाजगी जागेत गाडी लावायचे जे पैसे घेतले, ते मला अवाच्या सवा वाटले. दर आधी विचारा.

पूल ओलांडला की मॅकार्थी अर्ध्या मैलावर आणि केनेकॉट तिथून पुढे साडेचार मैल. खाण कंपनीच्या मालकीच्या केनेकॉटमध्ये दारूला बंदी होती, म्हणून गुत्ते आणि बाकीचे धंदे मॅकार्थीत वाढले. आज मुख्य रस्ता म्हणजे मातीची एक गल्ली. गाव छान आहे, एक संध्याकाळ पुरते.

खरा वेळ केनेकॉटला द्या. डोंगराला टेकलेली चौदा मजली लाल गिरणी आतून बघायची तर गाईडबरोबरच जाता येतं, आणि ते पैसे वसूल होतात. वरच्या मजल्यावर आलेला खनिजाचा दगड फुटत, चाळला जात खाली उतरायचा. समोर दरीभर पसरलेले करड्या दगडांचे ढीग बघून खाणीचा कचरा वाटतो. तो कचरा नव्हे, तीच केनिकॉट हिमनदी आहे. दगडांखाली बर्फ आहे, आणि खाणीच्या काळी त्याची पातळी कितीतरी वर होती. हे कळल्यावर मी बराच वेळ तिथून हललेच नाही. रूट ग्लेशियर ही दुसरी हिमनदी तिथून दोनेक मैल चालत आहे. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे लोखंडी काटे, नसतील तर बर्फावर पाऊल टाकू नका.

गाडीची लेखी परवानगी मिळालीच नाही, तर ग्लेनॅलन गावाहून उन्हाळ्यात व्हॅन जाते, चिटिनाहून छोटं विमानही. टायर आणि काचेचा हिशोब मांडला तर व्हॅनच स्वस्त पडेल. मे अखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच जा, आणि जागा आधी राखून ठेवा.