सेल्फ मारताना मीटर काय सांगतो

पंचवटीत मार्केट यार्डाजवळ मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. संध्याकाळी कोथिंबिरीचे लिलाव आटोपले की माल रात्रीतच मुंबईकडे निघतो. त्या वेळी गाडी अडली की चालकाइतकाच माझाही जीव खालीवर होतो. परवाचा टेम्पो असाच, जुड्यांनी भरलेला. सेल्फ कण्हत अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. "सेल बसलाय, नवीन बॅटरी टाका," असं कुणीतरी सांगितलेलं. चालक पैशांसाठी मालकाशी फोनवर बोलत होता.

"दादा, जरा थांबा," म्हणत मल्टिमीटर 20 डीसी व्होल्टवर लावला. टर्मिनलवर 12.5. हा आकडा चार्जिंग सांगतो, ताकद नाही. आयुष्य संपलेली बॅटरीसुद्धा नुसती पडून असताना एवढं दाखवू शकते. परीक्षा लोडवरच. "आता मारा सेल्फ."

डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. बॅटरी खराब असती तर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला असता. तो 11.2 वरच राहिला. सेल्फ कण्हतोय आणि बॅटरीवर ताणच नाही, म्हणजे करंट वाटेत अडतोय.

एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली. पुन्हा सेल्फ. 1.9 व्होल्ट! इथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणारी अर्थिंगची केबल वरून धडधाकट होती. रबर चिरलं तर आतल्या तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा झालेला.

हा दोष मीटर ओहमवर लावून, म्हणजे रोध मोजून, सापडत नाही, हे मुद्दाम सांगतो. 200 अँपिअर वाहत असताना 1.9 व्होल्ट खायला ओहमचा शंभरावा भागसुद्धा पुरतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून कितीतरी जास्त असतो.

इंजिनकडची जागा घासून चकचकीत केली, नवी जाड केबल टाकली आणि मीटर पुन्हा बॅटरीच्या टर्मिनलवर लावला. सेल्फ मारताच इंजिन धडाडलं. चालकाचं लक्ष मात्र मीटरवर होतं. "अहो, या वेळी तर दहावर आला! आधी अकराच्या वर होता ना?"

"आता सेल्फला पोटभर करंट मिळतोय, म्हणून खाली आला," मी म्हणालो. चालू इंजिनवर 14.1 दाखवलं, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. त्याने मालकाला बॅटरी नको म्हणून कळवलं आणि टेम्पो वाशीच्या वाटेला लावला.