चष्मा, व्यासपीठ आणि काउबॉय

सत्तरी ओलांडलेल्या वाचकाला वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या काउबॉय-बंदुकबाजांची कादंबरी द्यायची ठरली की घरची मंडळी बहुधा दोनपैकी एक करतात. फुटपाथवरून लुई लामूरची पाच-सहा जुनी पॉकेटबुकं उचलून आणतात, नाहीतर ‘सर्वांत थोर वेस्टर्न कोणती’ हे विचारून लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोनसम डव्ह’ मागवतात. दोन्ही भेटी यथावकाश टीपॉयच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतात.

दोष लेखकांचा नसतो. जुन्या पॉकेटबुकात टाइप बारीक, कागद तपकिरी पडलेला, आणि पाठ शिवलेली नसून नुसती चिकटवलेली. पूर्ण उघडलं तर पानं सुटतात, अर्धवट उघडलं तर ओळींची टोकं घडीत जातात. पिवळ्या दिव्याखाली तर करड्या कागदावरची करडी अक्षरं वाचायची. ‘लोनसम डव्ह’चं दुखणं वेगळं. 1985 ची ही कादंबरी, पुलित्झर पारितोषिक मिळालेली आणि त्या मानाला पुरेपूर लायक. पण पानं आठशेच्या वर. उशीला टेकून वाचणाऱ्याच्या मनगटाला ती पेलत नाही. शिवाय गोष्ट टेक्सासहून मोंटानापर्यंत गुरं हाकत नेण्याची असली, तरी सुरुवातीला बराच वेळ दोन निवृत्त रेंजर (टेक्सासचे सशस्त्र पोलीस) रिओ ग्रँड नदीकाठच्या पेंगुळलेल्या वस्तीत कुरकुरत बसलेले असतात. या कुरकुरीची गोडी लागायला त्या मुलखात आधी थोडी ये-जा झालेली बरी. म्हणून ती तिसरी किंवा चौथी द्यावी. आणि देताना पोथीचं लाकडी व्यासपीठ माळ्यावरून काढून, पुसून सोबत द्यावं. जाड पुस्तकाला त्याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही.

पहिलं पुस्तक मराठीच असावं, असं आमचं ठाम मत. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत: ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. ओहायोच्या अरण्यात शिरलेलं एक कुटुंब, झाडं पडत जातात, शेतं होतात, शेवटी गाव उभं राहतं. यात काउबॉय नाहीत आणि पिस्तुलं रोखून समोरासमोर उभं राहणंही नाही, त्यामुळे शुद्धतावादी याला वेस्टर्न म्हणणार नाहीत. म्हणू नये त्यांनी. जमीन मोकळी करणं म्हणजे काय, हे ज्याला ‘रान’मधून कळलं त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

जीएंनीच मराठीत आणलेलं रिक्टरचं ‘रानातील प्रकाश’ आवडलं, तर पुढची निवड जवळजवळ ठरल्यासारखी आहे. तिथे लेनापी या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी स्वतःचा म्हणून वाढवलेला गोरा मुलगा सक्तीने जन्मदात्यांकडे पाठवला जातो. पॉलेट जाइल्सची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (2016) याच जखमेवर बोट ठेवते. 1870 चं टेक्सास. एकाहत्तर वर्षांचे कॅप्टन किड गावोगाव फिरून माणशी दहा सेंट घेऊन वर्तमानपत्रं वाचून दाखवतात. कायोवा या दुसऱ्या मूळ जमातीकडे चार वर्षं राहिलेली दहा वर्षांची मुलगी सुमारे चारशे मैलांवरच्या नातेवाइकांकडे पोचवायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं. घरात रोज मोठ्याने पेपर वाचणाऱ्या आजोबांना किड ओळखीचे वाटणारच. पुस्तक लहान आहे, पण एक अडचण आधीच सांगून ठेवावी: संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. पहिली काही पानं कोण बोलतंय ते कळत नाही, आणि दोष आपल्या नजरेचा आहे असं वाटून वाचक पुस्तक मिटतो.

शाळेत तर्खडकरी वळणाने इंग्रजी शिकलेल्यांना चार्ल्स पोर्टिसची ‘ट्रू ग्रिट’ (1968) द्यावी. चौदा वर्षांची मॅटी रॉस बापाच्या खुन्यामागे निघते. पण सांगते ती म्हातारपणी, ठाशीव, व्याकरणशुद्ध, हिशेबी इंग्रजीत. विनोद त्या गांभीर्यातच आहे. शेतीबांधाच्या भांडणात हयात गेलेल्यांसाठी जॅक शेफरची ‘शेन’ (1949): गुरांचा बडा मालक विरुद्ध कुंपण घालणारे छोटे शेतकरी, तीही थोडक्यात. जुना वेस्टर्न लेखक झेन ग्रे मात्र टाळलेला बरा. लँडस्केप संपता संपत नाही. लामूर हवाच असेल तर ‘हॉन्डो’पासून, आणि नव्या छपाईची प्रत. जुन्या पुस्तकांत मूळ रहिवासी पुष्कळदा नुसते शत्रू म्हणून येतात, हेही बोलून ठेवावं.

ग्लेंडन स्वार्थाउटची ‘द शूटिस्ट’ (1975) आम्हाला फार आवडते. पण तिच्यातल्या म्हाताऱ्या बंदुकबाजाला कर्करोग झाल्याचं सुरुवातीलाच कळतं. घरात तसं दुखणं असेल तर आधी विचारावं. काहींना नेमकं तेच वाचायचं असतं.

ठळक मोठ्या टाइपची आवृत्ती मिळाली तर उत्तम. तिच्यात अक्षर साधारण 16 पॉइंट किंवा मोठं असतं. नाहीतर किंडलवर अक्षर वाढवावं, पण एका ओळीत पाच-सहा शब्द तरी राहतील इतपतच. त्याहून वाढवलं की दर दोन वाक्यांनी पान उलटावं लागतं आणि धागा तुटतो. पुस्तकात अनोळखी शब्दांची एक चिठ्ठी ठेवावी, मोठ्या अक्षरात. मेसा: पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट माथ्याचा डोंगर. पॉसी: शेरीफने जमवलेली गावकऱ्यांची हत्यारबंद टोळी. रेमुडा: बदलीच्या घोड्यांचा कळप. कोरल: जनावरांचं कुंपण. दहा-बारा शब्द पुरतात, बाकीचे घोड्यांबरोबर आपोआप पुढे सरकतात.